दुसऱ्यांदा काढलेला एमआरआय

१२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. आईचा गुडघा बरा आहे. कुरकुर चालू आहे, म्हणजे काळजी नाही. भावोजी संध्याकाळी औषधं न्यायला येतील, त्यांच्याच हाती हे पत्र देते.

तुझ्या भिंगरीच्या सकाळच्या उलट्या थांबल्या का? हे फोनवरही विचारता आलं असतं. पण फोनवर तू माझ्या आवाजावरून सगळं ओळखतेस, म्हणून लिहायला बसले.

तिची गाठ मेंदूत इतकी खोल आहे की तपासणीसाठी तिचा तुकडा काढायचा म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून आपण सगळे एमआरआयवर आस लावून होतो. गाठीच्या जनुकात तो एक बदल असला, तर कवटीला हात न लावता, नुसत्या चित्रांवरून संगणक तो ओळखतो. मग गोळ्या लागू पडतात.

ताई, एमआरआय काढणारी मीच, म्हणून पहिल्या वेळचं उत्तर डॉक्टरांच्या आधी मी पाहिलं. बदल नाही, असं होतं. चित्रं इतकी स्वच्छ होती की नवशिक्यांना दाखवावीत. तरी मी शेरा मारला, ‘मूल हललं, पुन्हा काढावा.’ तुलाही तेच सांगितलं. यंत्र चुकलं असेल, असं मला वाटत नव्हतं. वाटावं असं फार वाटत होतं.

दुसऱ्या वेळी तू दारातच तिला दटावलंस, "आता तरी हलू नकोस, तुझ्यामुळे सगळं अडलंय." एरवी एका जागी न टिकणारी पोर श्वाससुद्धा चोरून घेत होती. बाहेर काढल्यावर तिने विचारलं, "मावशी, आता तरी नीट आलं ना गं?" मी तिच्या केसांवरून हात फिरवला.

उत्तर तेच आलं.

आज डॉक्टरांना खरं सांगितलं. ते चिडले, चिडायलाच हवं होतं. उद्या ते तुम्हा दोघांना बोलावतील. संगणकाच्या उत्तरावर सगळं सोडता येत नाही, पुढचे उपचार ठरवायला तुकडा काढावाच लागेल, असं सांगतील. मला तुझ्याइतकीच भीती वाटतेय.

माझ्याशी बोल, भांड, नाहीतर तोंड बघू नकोस. पण आज निजवताना भिंगरीला जवळ घे आणि सांग, की ती पहिल्या वेळीही जराही हलली नव्हती. खोटं मावशी बोलली.

तिची मावशी,
आणि तू ठेवशील तर तुझी धाकटी