पिंपापाशी सांगायच्या गोष्टी

४ नोव्हेंबर
पहाटेच्या बसने गावाहून शेला शहरात आले. मांडीवर कपड्यांचं बोचकं, शेजारी एक बाई आणि तिच्या कुशीत जिवंत टर्की. शहर येईपर्यंत आम्ही तिघी एकमेकींना चांगल्याच सरावलो होतो.

बाजारामागच्या ‘ला माद्रिना’मध्ये काम लागलं. तळलेल्या चिकनची इतकी मोठी रांग मी जन्मात पाहिली नव्हती. मालकीण इर्माबाई म्हणाल्या, जानेवारीपर्यंत नीट काम केलंस तर मागची खोली तुझी. खोली पाहिली. खिडकी आहे! जानेवारीत शाळा सुरू होते, तेव्हा माझ्या लेकाला, एल्मेरला, इथे आणीन. सध्या तो गावी रुफिनाताईकडे आहे. नऊ वर्षांचा घोडा झालाय, तरी मी निघताना बसच्या मागे वळणापर्यंत धावला.

इथली शिस्त जबरदस्त आहे. सकाळी सहाला कोंबड्या येतात, एकीचे नऊ तुकडे होतात. ते मीठ, लसूण आणि आच्योतेच्या बियांच्या लाल पाण्यात, स्टीलच्या उंच पिंपात मुरत पडतात. मग पीठ, मग झाकणाच्या कढईत चौदा मिनिटं. काउंटरवर गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत आपण स्वागत करायचं, नाव विचारून खोक्यावर लिहायचं आणि चार मिनिटांत खोकं हातात द्यायचं. भटारखान्यातले म्हातारे चेपेकाका म्हणाले, टोपी नीट घाल पोरी, तुझी वेणी कढईत पडली तर लोक तीही खातील आणि वर अजून मागतील.

५ नोव्हेंबर
उघडण्याआधी सगळे पिंपाभोवती उभे राहून प्रार्थना करतात. त्यात नवल नाही, शेलात चपलांच्या दुकानातही करतात. पण इथे प्रार्थनेनंतर इर्माबाई झाकण काढतात आणि एकाने पिंपात वाकून आपल्या माणसाची एक गोष्ट सांगायची. खरी हवी, मनापासून हवी. भिंतीवर लिहिलंय, ‘आमची चव तुमच्या घरची’. ती म्हणे अशी येते.

आज माझी पाळी होती. एल्मेर तीन वर्षांचा असताना कोंबड्याने त्याच्या डाव्या कानामागे चोच मारली होती, ते सांगितलं. रडायचं सोडून त्याने कोंबड्याचीच माफी मागितली होती. सगळे हसले. दुपारी एक ट्रकवाला खाता खाता थांबला आणि डोळे पुसत म्हणाला, ही माझ्या घरची चव आहे. बराच वेळ तो डाव्या कानामागे बोट फिरवत बसला होता.

१४ नोव्हेंबर
माझ्या पाळीच्या दिवशी रांग रस्त्यापर्यंत जाते. अभिप्रायाच्या चिठ्ठ्यांत लोक माझं नाव लिहितात. मी थोडी फुशारलेय, खोटं कशाला बोलू.

ओफेलियाबाई म्हणून निवृत्त मास्तरीण आहेत, लग्न केलेलं नाही, घरी कोणी नाही. रोज दुपारी एकला येतात, दोन तुकडे आणि मक्याच्या चार तोर्तिया घेतात. आज काउंटरवर रेंगाळल्या. लाजत लाजत सांगत होत्या की हल्ली स्वप्नात एक मुलगा येतो, ताप आलाय त्याला, आणि त्या त्याला पाठीवर घेऊन नदी ओलांडतात. मी म्हटलं, अगंबाई, परवा मी पिंपापाशी हेच सांगितलं होतं. दोघी हसलो. योगायोग गमतीचे असतात.

२२ नोव्हेंबर
रुफिनाताईचा फोन आला. म्हणाली, एल्मेरची कानामागची खूण खाजते सारखी. मी विचारलं, कसली खूण? ताई हसली, मग म्हणाली, बरी आहेस ना गं?

ही वही उघडली. ५ नोव्हेंबर. अक्षर माझंच. कोंबडा, कान, माफी. शेजारणीच्या पोराबद्दल वाचावं तसं वाटलं. नदीचंही तसंच. ओफेलियाबाईंना नदीचं पाणी किती गार होतं ते आठवतं. मला नदीच आठवत नाही.

२४ नोव्हेंबर
चेपेकाकांना विचारलं. ते पीठ चाळत होते. सोळा वर्षं झाली त्यांना इथे. बोटातली अंगठी दाखवून म्हणाले, लग्न झालं असणार. मग हळूच म्हणाले, “पोरी, सांगायचं तर परक्याचं सांग. घरचं एकदा गेलं की परत येत नाही.”

इथून निघून का जात नाही, असं विचारलं. म्हणाले, कुठे जाऊ?

२७ नोव्हेंबर
आज एका मावसभावाची खोटीच गोष्ट रचून सांगितली. बारा वाजेपर्यंत सतरा खोकी परत आली. लोक म्हणत होते, पुठ्ठा खातोय असं वाटतं. कोणी भांडलं नाही, नुसते काउंटरशी उभे राहून माझ्याकडे बघत राहिले. भुकेली माणसं. इर्माबाई आवाज न चढवता म्हणाल्या, “फिदेलिया, ते तुझं नव्हतं.” उद्या दोनदा सांगायचं, नाहीतर खोली दुसरीला.

खोली गेली तर जानेवारी गेला. एल्मेर दुसऱ्याच्या ताटातलं खात मोठा होणार.

२८ नोव्हेंबर
युक्ती सापडली. आधी इथे लिहायचं, मग सांगायचं. कागदावरचं कोण नेणार आहे?
एल्मेर चिकनची साल खात नाही, सोलून द्यावी लागते. झोपेत माझी वेणी धरून ठेवतो. हसताना शिंकतो. गडगडलं की मोठ्यांदा पाढे म्हणतो.
यातलं पहिलं आणि दुसरं आज सांगितलं. रांग बाजाराच्या कमानीपर्यंत.

७ डिसेंबर
सणाचे म्हणून रस्त्यावर सैतानाचे पुतळे जाळतायत, सगळीकडे धूर. दार लावून वही वाचली. बत्तीस गोष्टी. एकही हरवलेली नाही, सगळ्या जागच्या जागी. मुलगा छान आहे. वाचून मला काहीच होत नाही. मी चुकले. लिहून ठेवलेली गोष्ट म्हणजे आठवण नव्हे. माझ्यापाशी फक्त शाई उरलीय आणि मी फार घाबरलेय.

१० डिसेंबर
पळाले. वहीत गावाचं नाव शोधलं, बसमध्ये बसले. बसच्या पोऱ्याने विचारलं, कोणाकडे चाललात ताई? म्हटलं, माझ्या मुलाकडे. बोलताना लाज वाटली, दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून सांगतेय असं. घाट लागायच्या आधी उतरले. चालत परत आले. इर्माबाईंनी काही विचारलं नाही. टोपी पुढे केली.

१५ डिसेंबर
एक उरलंय. मी त्याला झोपवताना ज्या नावाने हाक मारते ते. ते लिहिलेलं नाही. लिहिणार नाही. सांगणार तर मुळीच नाही. ते मनात म्हटलं की छातीत कळ येते — म्हणजे अजून माझं आहे.

१९ डिसेंबर
सणाची गर्दी. विमानाने उत्तरेला, परदेशातल्या आपल्या माणसांकडे नेण्यासाठी लोक दहा-दहा खोकी घेतायत. आज चेपेकाकांची पाळी होती. पिंपात वाकले. तोंड उघडलं. काहीच नाही — तसेच वाकून उभे. इर्माबाई माझ्याकडे बघत होत्या. बाहेर रांग. मी सांगितलं परक्याचं, इर्माबाईंनी नकारार्थी मान हलवली. पुन्हा सांगितलं. पुन्हा मान हलवली. मग मी वाकले आणि —

२० डिसेंबर
चिठ्ठ्यांचा ढीग. ‘इतकं गोड कधीच नव्हतं.’
मी काय सांगितलं होतं?

२४ डिसेंबर
फोन. लहान मुलाचा आवाज. कधी नेणार, विचारत होता. चुकीचा नंबर म्हणणार होते — मग म्हटलं, लवकरच. नम्रपणे. स्वागत करतो तसं.

३ जानेवारी
दुपारी एक. एक बाई आली, रुफिना. वहीत आहे ती. सोबत मुलगा, दप्तर, नवे बूट. म्हणाली, सांभाळ गं तुझं लेकरू. परतीची बस होती, गेली.

मुलाने मला घट्ट मिठी मारली. मी हात कुठे ठेवायचे ते —
खिडकीशी बसवलं. वही काढली, भरभर वाचली. त्याच्या तुकड्याची साल सोलून दिली. त्याने एक घास खाल्ला आणि रडायला लागला. म्हणाला, हे तुझ्यासारखं लागतंय.

खोक्यावर नाव लिहायचा नियम. पेन काढलं. तो म्हणाला, “ते शाळेतलं नको. तू म्हणतेस ते लिही.”
पानं उलटली. सगळी. पुन्हा एकदा. नाही.
तो माझ्या तोंडाकडे बघतोय. रांग थांबलीय. चार मिनिटं होऊन गेली.

पलीकडच्या टेबलाशी ओफेलियाबाई. त्यांनी तोर्तिया खाली ठेवल्या. उभ्या राहिल्या. त्याला एक हाक मारली, लहानसा शब्द. पोर दचकलं. माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. त्यांनी हात पसरले.

इर्माबाई म्हणतायत, पुढचं गिऱ्हाईक.
ते दोघं दाराशी पोचलेत. त्याने त्यांचं बोट धरलंय. तो वळून बघतोय, अजून बघतोय. मी हाक मारली तर थांबेल, मला ठाऊक आहे थांबेल. मारायला हवी. आत्ताच. काय म्हणून —