लेबलावरचा बासमती

लीड्स, ११ जानेवारी २०२४

ती. आईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

फोनवर माझा आवाज ऐकला की तू रडतेस आणि तू रडलीस की मला उमासे येतात, म्हणून हे पत्र. तिसरा महिना लागला. बाळ ठीक आहे असं डॉक्टरीणबाई म्हणतात. बाळाची आई मात्र पाच किलोंनी उतरली आहे. ब्रेड दिसला की पळते, सूप दिसलं की पळते. तुझा जावई सम्यक रोज माझ्यासाठी काहीतरी नवं शिजवतो आणि रोज स्वतःच संपवतो. त्याचं पोट बघून लोक उद्या त्याचंच अभिनंदन करतील.

हसू नकोस, पण मला डोहाळे लागलेत ते चिन्नोरच्या मऊ भाताचे. दादूमामा दरवर्षी भंडाऱ्याहून पाठवतो तो. आपल्याकडचा साधा पांढरा तांदूळ इथल्या दुकानात हल्ली येतच नाही. भारताने निर्यातबंदी केली आहे, हे दुकानाच्या मालकीणबाई मला अशा रागाने सांगतात, जणू त्या कागदावर माझ्या आईचीच सही आहे. बासमतीला बंदी नाही, तो ढिगाने आहे, पण त्याच्या वासानेच माझं पोट ढवळतं. दोन किलो चिन्नोर पाठवशील?

लोभ आहेच, तो पार्सलमधून कळवावा.
तुझी रुचिरा

घाटकोपर, २२ जानेवारी २०२४

चि. रुचिरास,
सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

मालकीणबाईंना सांग, सही माझी नाही. पण विचारलं असतं तर केली असती. एकतीस वर्षं शिधावाटप खात्यात गोण्या तपासल्यात मी. बाहेर भाव चढला की तांदूळ पहिला पळतो तो इथल्या बाईच्या डब्यातून. आता बंदी असूनही आपला वाणी कोलम स्वस्त देत नाही, ते वेगळं. शेजारच्या सुंदराबाई हल्ली आठवड्यातून तीनदाच भात टाकतात. बंदी नसती तर एकदाच टाकला असता, असं मी त्यांना समजावते. त्यांना पटत नाही.

दादूला तर मुळीच पटत नाही. पिकवायचं त्याने आणि कुठे विकायचं ते दिल्लीने ठरवायचं, यावरून तो तासभर माझ्याशी भांडला. तरी चिन्नोर पाठवलाच.

तो घेऊन कुरियरकडे गेले. काउंटरवरची दीप्ती म्हणाली की तांदूळ घेता येत नाही, बासमती असेल तरच. मग आवाज खाली आणून म्हणाली की काकू, बासमती लिहा ना, कोण बघतंय. मी तिला सांगितलं की तेच बघण्याचा मला एकतीस वर्षं पगार मिळाला. पिशवी उचलली आणि घरी आले. सुंदराबाईंना बंदीचं महत्त्व सांगायचं आणि आपल्या लेकीसाठी मागचं दार उघडायचं, हे मला जमायचं नाही. पोह्यांना बंदी नाही, ते पाठवले आहेत. भिजवून मऊ करून खा.

सम्यकरावांना जयभीम. लोभ आहेच, वजनही वाढू दे.
तुझी आई

लीड्स, ५ फेब्रुवारी २०२४

ती. आईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

पोहे पोचले. सम्यकला फार आवडले.

फोनवर सांगितलं नाही, ते लिहिते. मागच्या आठवड्यात दोन दिवस इस्पितळात होते, सलाईन लावलं होतं. वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला भीती वाटते आहे, आई.

रागावले नाही असं लिहिणार होते, पण रागावले आहे. तू अख्ख्या घाटकोपरच्या ताटात तांदूळ पोचवलास, याचा मला लहानपणापासून अभिमान आहे. या वेळी रांगेत मी उभी आहे, एवढंच बघ.

लोभ कमी झालेला नाही, भूक झाली आहे.
रुचिरा

घाटकोपर, १४ फेब्रुवारी २०२४

चि. रुचिरास,
सप्रेम जयभीम.

पार्सल पाठवलं. फॉर्मवर काय लिहिलं ते विचारू नकोस. पेन दोनदा खाली ठेवलं, तेव्हा दीप्तीने मला पाणी आणून दिलं. बंदी योग्यच आहे, हे माझं मत कायम आहे. सुंदराबाईंसमोर मात्र दोन दिवस तोंड उघडलेलं नाही. त्यांना वाटतं मला बरं नाही.

एका वाटीला चार वाट्या पाणी घाल, मीठ शेवटी. खाल्लंस की कळव, अर्ध्या रात्री असलं तरी.
आई

लीड्स, २७ फेब्रुवारी २०२४

ती. आईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

फोनवर सांगितलंच, पण हे कागदावर हवं. काल दुपारी वाटीभर भात खाल्ला आणि तो पोटात राहिला. संध्याकाळी पुन्हा वाटीभर. सम्यक पातेलं धरून शेजारी उभा होता, त्याला काहीच काम लागलं नाही. मी जेवताना रडले, पण उमासा आला नाही.

आता तुझ्या पराक्रमाविषयी. खोक्यावर तुझ्या वळणदार अक्षरात बासमती लिहिलेलं. आणि आत, तांदळाच्या पिशवीवर, घडी घातलेला तुझा कागद: ‘फॉर्मवरील बासमती हा शब्द खोटा आहे. आतील माल चिन्नोर, दोन किलो, प्रत उत्तम. गरोदर मुलीसाठी आहे. सर्व जबाबदारी माझी. द्रौपदी खोब्रागडे, शिधावाटप निरीक्षक, निवृत्त.’ खाली सही, तारीख आणि घरचा पत्ता. जगात असा चोर दुसरा नसेल.

खोकं वाटेत तपासणीवाल्यांनी उघडलं होतं, त्यांची पट्टी लावलेली आहे. म्हणजे तुझा कागद त्यांच्या हातात पडला होता. कागद पुन्हा नीट घडी करून जागेवर ठेवलेला होता आणि दाणाही सांडलेला नव्हता. मी म्हटलं, त्यांच्यात कुणाला मराठी येत नसावी. सम्यक म्हणतो, कुणाला तरी येत असावी.

सुंदराबाईंशी बोलायला लाग. लोभ पोचला, शिजला आणि पोटात टिकला.
तुझी रुचिरा