भूमिकाचा इंग्रजी मामा

पिंप्राळा, जळगाव
१८ नोव्हेंबर

आदरणीय पितांबरभाऊ यांना प्रेमराजचा साष्टांग नमस्कार. (एरवी मी तुम्हाला नुसता नमस्कार लिहितो. आज कारण आहे.)

तुमचा गुडघा कसा आहे? कापसाची वेचणी उरकली का? तीन दिवस फोन करतोय, तुम्ही उचलत नाही. रेंज नसेल, असं मी तुमच्या बहिणीला सांगितलं. त्यावर तिने माझ्याकडे कसं पाहिलं ते लिहिता येत नाही.

भूमिकाचं लग्न जमलं, हे तुमच्या कानावर आलंच असेल. पाहण्याच्या कार्यक्रमाला सख्ख्या मामालाच बोलावलं नाही, हेही आलं असेल. भाऊ, त्याला कारण इंग्रजी. धुळ्याहून निरोप होता, की मुलाचे काका रतिलालभाऊ सोबत येणार, ते परदेशी कंपनीतून निवृत्त झालेले, आणि त्यांना मुलीच्या मामांशी बोलायचंय. आता तुम्ही बोलता अहिराणीत, तेही शेताच्या या बांधावरून त्या बांधावर ऐकू जाईल असं. (मला ते आवडतं. पाहुण्यांचं सांगता येत नाही.) म्हणून आमच्या गल्लीत इंग्रजी संभाषणाचा क्लास घेणाऱ्या हेमराज सरांना मी एका संध्याकाळपुरतं मामा केलं.

सरांच्या क्लासात त्या आठवड्यात शरीराच्या अवयवांवरचे वाक्प्रचार चालू होते, हे मला ठाऊक नव्हतं. काकांनी 'हाऊ आर यू' विचारलं, तर सर म्हणाले, 'आय ॲम ऑल इअर्स.' भूमिकाच्या शिक्षणाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी 'ॲन आर्म अँड अ लेग' असं म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं. (म्हणजे फार महागात पडलं, हे भूमिकाने नंतर सांगितलं. तोवर मी हातपाय चाचपत होतो.) मग खांदा आला, टाच आली, पोटातली फुलपाखरं आली, अंगठा तर दोनदा आला. मी प्रत्येक वेळी मान हलवली. सगळं शरीर संपल्यावर सर शेवभाजीकडे वळले. काका मात्र खूश. त्यांनी लगेच सुपारी फोडायला सांगितली.

इथवर ठीक होतं. पण लग्नात नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता काका रोज फोनवर मामांची चौकशी करतात, आणि सरांनी फेट्याचा रंगसुद्धा ठरवलाय.

वहिनींना नमस्कार सांगा, त्या ऐकून घेतील तर.

आपला,
प्रेमराज

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. पुढच्या महिन्यात लग्नाला नक्की या. फक्त मामा म्हणून नको, माझे वरणगावच्या फॅक्टरीतले जुने सहकारी म्हणून या. पहिल्या पंगतीला बसवतो.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी तुमच्या बहिणीने पत्र वाचलं. 'मना भाऊ नही, तर मी बी नही,' एवढंच बोलली आणि पिशवी भरायला लागली. भूमिकाने तर सरळ धुळ्याला फोन लावून काकांना सगळं सांगून टाकलं. मी देवघरात जाऊन बसलो. काकांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं म्हणे. मग चक्क अहिराणीत म्हणाले, 'खरा मामाले बोलाव.'

पहिली ता. क. मी खोडायला घेतली, तर तुमच्या बहिणीने हातातलं पेन काढून घेतलं. भाऊला दिसू द्या, म्हणाली. तेव्हा दिसलीच असेल. मला फार लाज वाटते आहे, भाऊ. या, आणि पोरीच्या पाठीशी तुम्हीच उभे राहा.