ज्याच्या हातात वायर

सर, उद्या सकाळी मी बडनेऱ्याहून गाडी पकडून नागपूरला जाते आहे. माझ्या हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी मोठी धमनी सुरुवातीलाच अरुंद झाली आहे. तिथं स्टेंट बसवायचा आहे. हेच काम मी इथं अमरावतीत रोज करते, तरुण हृदयरोगतज्ज्ञांना हाताला धरून शिकवते, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा ओळखदेख नसलेल्या डॉक्टरची वेळ घेऊन बसले आहे. सगळ्यांना त्याचं नवल वाटतं. खरं कारण मी कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण ते तुमच्यापासून सुरू होतं.

तुमच्याकडे अकोल्याला शिकायला आले तेव्हा तुम्ही म्हणालात, पदवी आहे, हात नाही. हात यावा म्हणून तुम्ही मला घरी बोलावलंत. मे महिना, स्वयंपाकघराचा ओटा, आणि ओट्यावर घरातल्या कूलरचा पंप आणि त्याची पाण्याची नळी. ती नळी तुम्ही कापून, गरम करून वाकवली होती, तिला फाटे जोडले होते. पंप लावला की पाणी वाहायचं, आणि वाहत्या पाण्यात मी केसाहून जरा जाड अशी तार, आमची वायर, एकेका फाट्यात घालायची. काकू पदरानं वारा घेत दारात उभ्या. "अवो, जीव जाऊन राहिला ना गर्मीनं! तिच्या डॉक्टरकीपायी माह्या कूलरचा काहून मुडदा पाडला?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "एक उन्हाळा सोस. ही जन्मभर लोकायले वाचवीन." काकूंनी पोळी वाढताना मला ऐकवलं, "वाचवजो मंग. फुकट घाम नोको गाळू आमचा."

वायर ढकलायची नसते, बोटांत फिरवायची असते. पुढं अडलं तर मागं यायचं, त्यात कमीपणा नाही, हे मी त्या ओट्यावर शिकले. कॅथलॅबमध्ये, जिथं खऱ्या पेशंटच्या धमनीत वायर जाते, तिथं मात्र तुमचा नियम वेगळाच होता. ज्याच्या हातात वायर, पेशंट त्याचा. दुसऱ्या ठिकाणी मी मोठमोठे डॉक्टर पाहिलेत. शिकणारा जरा अडखळला की कोपरानं त्याला बाजूला सारून वायर स्वतः घेतात. तुम्ही कधी घेतली नाहीत. हातमोजे घालून, दोन्ही हात छातीशी बांधून माझ्या डाव्या बाजूला उभे राहायचात. माझी पहिली अँजिओप्लास्टी, वायर एका वळणावर अडली, मी मदतीसाठी मान वळवली, तर तुम्ही गुरकावलात, "मले काय पाहून राहिली? तिकडं पाय. तो तुह्या भरवशावर निजला हाये." मी रडकुंडीला आले होते. वायर गेली. बाहेर आल्यावर तुम्ही शाबासकी दिली नाहीत, फक्त तुमचा चहा माझ्याकडे सरकवलात.

मग ती दुपार. बाह्यरुग्ण विभागात तुम्ही पेशंट तपासत होतात आणि शर्ट घामानं भिजला. ईसीजी निघाला तेव्हा तुम्हीच तो आधी वाचलात. सिस्टर नागपूरच्या अँब्युलन्सचं बोलू लागल्या, तर तुम्ही हात हलवून त्यांना गप्प केलंत आणि माझ्याकडे पाहून एवढंच म्हणालात, "हातमोजे घाल." करशील का, जमेल का, असं काही नाही. तुमचं मनगट मी धरलं, सुई घातली. तुम्ही जागे. धमनीचं चित्र दिसतं तो पडदा स्वतःकडे वळवायला लावलात आणि आडवे पडून मला शिकवू लागलात. "फिरव. आणखी. घाई कोणाले हाये? मले त नाही." सिस्टर हसल्या. मीसुद्धा. वायर पार गेली, बलून फुगवला, धमनीत रक्त धावलं, पडद्यावर धमनीत सोडलेल्या रंगाची काळी रेघ शेवटापर्यंत उमटली. तुम्ही ती पाहिलीत. "पाय, आलं," म्हणालात. आणि हृदयाचा ताल सुटला. आम्ही शॉक दिले, छाती दाबली, पुन्हा शॉक दिले. हात दुखून येईपर्यंत मी तुमची छाती दाबत होते, आणि सिस्टर मला मागून ओढत होत्या.

त्या अँजिओप्लास्टीची फिल्म नंतर मोठ्या मोठ्या लोकांनी पाहिली. कुठं काही चुकलेलं नाही, म्हणाले. बंद धमनी उघडताना असं होऊ शकतं. मला ते तेव्हाही कळत होतं. आजही मी ते विद्यार्थ्यांना शिकवते. पण सर, चूक सापडली असती तर मी ती सुधारली असती. जिथं चूकच नाही तिथं माणसानं काय सुधारायचं? काकूंनी मला जवळ घेतलं, "तुह्या हातून गेले, परक्याच्या नाही," म्हणाल्या. त्यांनी समाधान म्हणून सांगितलं. मला ते आजवर उचलवलेलं नाही.

तुम्ही मला का निवडलंत, हा प्रश्न मी इतकी वर्षं तुम्हालाच विचारत आले. विश्वास होता म्हणून, की त्या दुपारी अकोल्यात दुसरं कोणी नव्हतं म्हणून? मागच्या आठवड्यात उत्तर मिळालं. माझी अँजिओग्राफी झाली, ती माझ्या विद्यार्थिनीनं केली. भातकुलीकडची मुलगी, फटकळ, माझं न ऐकणारी. टेबलावर पाठ टेकली आणि मला भीती वाटली. मी लगेच तिच्यावर ओरडू लागले. ट्रे नीट लाव, मनगट असं धरतात का. ती म्हणाली, "मॅडम, आज तुमी पेशंट. चूप पडा."

"तू मले शिकवू नको."

"शिकवून नाही राहिली. सांगून राहिली."

तेव्हा मला कळलं, तुम्ही घाबरला होतात. ती सगळी थट्टा, पडदा वळवणं, फिरव, आणखी, हे सगळं घाबरलेल्या माणसाचं बोलणं होतं. आणि घाबरलेल्या माणसाला सर्वांत चांगला हात नको असतो, ओळखीचा हात हवा असतो. तुम्ही माझी परीक्षा घेतली नव्हती, मला मोठंही केलं नव्हतं. तुम्ही फक्त माझा हात धरला होता, आणि मी तो हात आजवर ओझ्यासारखा वागवला.

फिल्म पाहून झाल्यावर ती म्हणाली, "मीच करीन स्टेंट. परवा घेऊन टाकू." मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. जेवढी तेव्हा मी, तेवढीच ती. उद्या ताल सुटला तर ती माझी छाती दाबत राहील, आणि मग सगळं आयुष्य. मी म्हणाले, "तुझा हात अजून तयार नाही."

"मागच्या हप्त्यात तं तुमीच साऱ्यायसमोर म्हटलं, हिचा हात पाहा म्हणून."

"तेव्हा म्हटलं. आता हे म्हणते."

तिनं शिशाचा एप्रन काढून खुंटीला नीट लावला. संध्याकाळी तिनंच नागपूरला फोन करून माझी वेळ ठरवली, सगळे कागद लावून दिले, आणि दारातून विचारलं, "संग येऊ का?" मी नको म्हणाले. तेव्हापासून ती शिकवणीच्या मॉडेलवर, आता कूलरची नळी नाही, सिलिकॉनच्या धमन्या आहेत, सारखी वायर फिरवत बसली आहे. आपण कुठं कमी पडलो ते शोधते आहे. मी काचेतून पाहिलं आणि आत गेले नाही. मी जगून परतले तर तिला खरं सांगता येईल. नाही परतले तर माझं ते वाक्यच तिच्याजवळ राहील, आणि ते काही लहान ओझं नाही, हेही मला कळतं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. काकूही गेल्या. तुम्हाला म्हणून सांगते, तुम्ही कोणाला सांगणार नाही: उद्या नागपूरच्या टेबलावर तो अनोळखी डॉक्टर माझं मनगट धरेल, तेव्हा मला तिचाच हात हवा असेल.