कान्हाचा लंगोट शोधू नका

लंगोट मी चुलीत घातला. आधी हे वाचा, मग रागवा.

कान्हाला माझ्या दादाच्या गाडीतून मोखाड्याला डॉक्टरकडे नेते आहे. परवा तालमीत तुम्ही त्याला थोराड पोराशी लढवलंत आणि तो डोक्यावर पडला. तेव्हापासून त्याला उलट्या होताहेत. तुम्हाला सांगू नको म्हणून त्यानं मला शपथ घातली होती. काल जेवताना भाकरी सोडून बाजूलाच हातानं चाचपडत होता. मला वाटलं, थट्टा करतोय. मी हसले हो.

त्याची दसऱ्याची कुस्ती तुम्ही वाड्यावर सरकारांपुढे कबूल करून बसलात. आता नाही म्हणायला तुमची जीभ रेटणार नाही, हे मला कळतं. माझ्यावर ढकला. बायको पोराला घेऊन पळाली म्हणा. तुम्ही वस्ताद, जोड ठरवायचा हक्क तुमचा. पण पोराकडे बघून ती मोडायचं कामही तुमचंच होतं.

भात झाकून ठेवलाय. मोखाड्याला एकटे या, आणि त्याच्यावर ओरडू नका.

तो दारातल्या गाडीत आडवा पडून सारखं एकच विचारतोय, "आई, समोर दोन गडी दिसले तर धरायचं कुणाला?"