दोनदा भाजलेलं मीठ

६ मार्च, सकाळ
आधी घराची हजेरी. बायकोला, ठमाबाईला विचारलं, गुडघे कसे आहेत? म्हणाली, हायेत जागेवर. सूनबाई वृषालीचा खोकला गेला. मुलगा सूरज चाकणला कंपनीत. फोनवर म्हणाला, आप्पा, मी बरा, श्रेयाचं सांगा. श्रेयाचं काय सांगू? नात चार वर्षांची, उंची जेमतेम तीनच्या पोरीची. खेळता खेळता बसते, बसली की पेंगते. माझी तब्येत उत्तम. फक्त जेवण जात नाही.

८ मार्च
नारायणगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. थायरॉईड थोडं मंद. आमच्या घरी वर्षानुवर्षं खडेमीठ, त्यात आयोडीन नाही; पोरीची वाढ त्यानं अडते म्हणे. खडेमीठ मीच आणायचो. आता पाकिटाचं आणायचं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. फरक नाही पडला तर रोज गोळी. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांच्या गेटवर बावीस वर्षं वॉचमन होतो. सायन्स मला नवं नाही. आजपासून मीठ माझ्या ताब्यात.

९ मार्च
पाकीट उघडलं. मीठ ओलसर! ओलं धान्य कणगीत कोण भरतं? तीन दिवस पत्र्यावर वाळवणार, मग तव्यावर भाजणार. वृषाली म्हणाली, आप्पा, झाकणाच्या डब्यात तसंच ठेवू. म्हटलं, पोरी, मिरची वाळवल्याशिवाय दळतेस का? उठून भांडी घासायला गेली. पटलं असावं.

३ एप्रिल
बरणी चुलीशेजारी, उघडी. मिठाला ऊबही मिळते, हवाही. ठमाबाई म्हणाली, मिठाला लई जपताय, आमाला कधी एवढं जपलं न्हाई. श्रेया काल तीनदा पेंगली, आज दोनदाच. म्हणजे सुधारणा.

२१ एप्रिल
शेजारचा शौर्य वर्षानं धाकटा, पण तिच्या डोक्यावरून बघतो. म्हणाला, आप्पा, ही कधी मोटी व्हनार? गुळाचा खडा देऊन त्याला वाटेला लावलं. आजपासून मीठ दोनदा भाजायचं. आपल्याकडून कसर नको.

१५ मे
आशाताई मीठ तपासायचं किट घेऊन आल्या. शेजारच्यांच्या मिठावर थेंब टाकला, निळं झालं. आपलं पांढरंशुभ्र! म्हटलं, बघा ताई, काडीची भेसळ नाही. त्या म्हणाल्या, अवो आप्पा, निळं व्हायला पायजे व्हतं, यात आयोडीन उरलंच न्हाई. मनात म्हटलं, किट जुनं असणार. वृषाली रानात होती. तिला सांगितलं नाही. उगाच जिवाला घोर. दुपारी जेवलो नाही.

९ जून
रक्त पुन्हा तपासलं. आकडा वाढला, म्हणजे थायरॉईड आणखी मंद. डॉक्टरांनी विचारलं, मीठ ठेवता कसं? मी वाळवण, दोन भाजण्या, उघडी बरणी, सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, आजोबा, ऊन आणि आच लागली की आयोडीन उडून जातं. तीन महिने पोरीनं नुसता खारटपणा खाल्ला. गोळी सुरू. वृषाली चिठ्ठी घेऊन पुढे निघाली. एसटी स्टँडवर श्रेयानं बोट मात्र माझंच धरलं.

११ जून
वृषाली श्रेयाला घेऊन माहेरी गेली, महाळुंगे पडवळला. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. मीच तिला मोबाइलवर दोन ओळी पाठवल्या. पोरी, गोळी डॉक्टरांनी सांगितली तशीच, सकाळी उपाशीपोटी दे. माझं काही ऐकू नकोस. श्रेया कशी आहे, तेवढं लौकर लिही.