मात्सेलिसोचं विरजण

हा-सेखोबे,
जुलै संपत आला

प्रिय मालिनेओ,

तुमच्या त्या क्लारेन्सच्या पबात आंबट बिअरचा एक ग्लास पन्नास रँडला मिळतो. मला तो अकराशेला पडला. कसा ते सांगतो. घरच्या तीन मिनीबस असताना मी भाड्याच्या गाडीत दाटीवाटीने बसून आलो, कारण माझ्या गाड्यांच्या पाठीवर माझं नाव रंगवलंय आणि ते तू लांबून ओळखलं असतंस. ग्लास संपेपर्यंत सीमेकडची शेवटची गाडी निघून गेली. मग रात्रीपुरती खोली घ्यावी लागली. खोलीच्या भाड्यात सकाळचा नाश्ता धरला होता, तो मी सोडला, कारण घरमालकीण बोलता बोलता म्हणाली की पबात बिअर बनवणारी बाई रोज याच वेळेला समोरून कामावर जाते. मी मागच्या दाराने निघालो. तेव्हा ती न खाल्लेली अंडीसुद्धा त्या ग्लासाच्या खर्चात धर.

घाबरू नकोस, भांडायला आलो नव्हतो. काही मागायलाही आलो नव्हतो, निदान तेव्हा तसं वाटत होतं.

इकडे धंदा बरा चाललाय. शुक्रवारी संध्याकाळी जोहान्सबर्गचे पाहुणे सीमेवर उतरतात, मी त्यांना गाडीत घालतो. मग दोन दिवस डोंगरात फिरायचं, जिथे काठीवर पांढरं फडकं दिसेल त्या घरापुढे थांबायचं, बसायचं, प्यायचं, आणि रविवारी दुपारी त्यांना परत सीमेवर सोडायचं. पूर्वी ही माणसं घोडे आणि धबधबे बघायला यायची, आता बिअर बघायला येतात. त्यातले निम्मे आपापल्या गॅरेजात स्वतः बिअर बनवतात. मागच्या खेपेला प्रिटोरियाचा एक दातांचा डॉक्टर होता. त्याने शेजारच्या मापालेसाच्या पिंपात थर्मामीटर घातला. ती कमरेवर हात ठेवून मला म्हणते, "नताते, ताप आलाय का माझ्या बिअरला? विचारा त्याला, गोळी द्यायची का नुसता काढा चालेल?" मी डॉक्टरला सांगितलं, बाई म्हणतायत तुमचं ज्ञान फार थोर आहे. तो खूश, ती खूश, त्याने दोन डबे जास्त घेतले.

शुक्रवारी एकमेकांची नावं माहीत नसलेली ही माणसं रविवारी सीमेवर मिठ्या मारून निरोप घेतात. मग मी रिकामी गाडी घेऊन वर येतो. बारा सीटांची गाडी रिकामी असली की किती खडखडते, हे मला चाळीस वर्षं गाड्यांत काढूनही आत्ता कळलं.

रस्ता आपल्या दारावरूनच जातो. पाहुण्यांपैकी कोणीतरी विचारतंच, "या घरावर काठी आहे, फडकं का नाही?" मी सांगतो, घरची बाई बाहेरगावी गेलीय. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तोंडातून सहज गेलं. आता तेच सांगत असतो.

तू या घरात सात वर्षं होतीस आणि आपण दोघं एकमेकांशी किती बोललो असू? सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्यासमोर बसायचं नाही, त्याच्या ताटाला हात लावायचा नाही. ते सगळं तू पाळलंस, तुझ्या आईने तुला उत्तम वळण लावलं होतं. पण तू पाच हातांवर उभी आणि मी म्हणायचो, "मात्सेलिसो, तुझ्या सुनेला विचार, अंघोळीचं पाणी तापलं का." आणि तू भिंतीकडे बघत म्हणायचीस, "म्मे, त्यांना सांगा, दोनदा तापून दोनदा गार झालं." आणि ही मध्ये बसून ज्वारीचे मोड निवडत म्हणायची, "मी काय टेलिफोनची तार आहे का रे तुमची?" हसायचो तिघंही. तुझं हसू मला ऐकू यायचं, दिसायचं कधी नाही.

हिच्या मातीला तू आलीस. बायकांच्या अगदी मागच्या रांगेत बसलीस आणि सगळं झाल्यावर कोणाशी न बोलता निघून गेलीस. मी पाहत होतो. मला यावंसं वाटलं होतं, पण येऊन बोलणार कसा? तार तर नुकतीच जमिनीत गेली होती.

त्यानंतर मी एकदा स्वतः बिअर लावली बरं का. हसू नकोस. सबंध गाव हसलं तेवढं पुरे. मापालेसाचा नवरा फाटकात उभा राहून ओरडला, "अरे, आज म्हातारा बायकोचा एप्रन बांधून स्वयंपाकघरात शिरलाय, उद्या पोर पाठीला बांधून फिरेल!" मी म्हटलं, तुझं तोंड पिंपात बुडेल तेव्हा बघू. हिचं बिअर आंबवायचं विरजण तर केव्हाच वाळून मडक्याला खपली धरली होती. त्या दिवसांत त्याला कोण खाऊ घालणार होतं? मापालेसाने तिच्याकडचं वाटीभर दिलं. मी ज्वारी दळली, शिजवली, आंबवली, गाळली, फडकं चढवलं. आणि खोटं सांगत नाही, संध्याकाळ व्हायच्या आत पिंप कोरडं ठणठणीत झालं. पळी बुडवायलासुद्धा उरली नव्हती. या वयात नवीन विद्या हाताला लागली म्हणून मी दोन दिवस छाती काढून फिरलो.

तर पबाचं सांगत होतो. मी कोपऱ्यातलं टेबल धरलं, टोपी डोळ्यांवर ओढली. वाढणारी पोरगी आली, तिकडेही वडीलधाऱ्याला नतातेच म्हणतात, "नताते, एकटेच का?" हो म्हटलं. तिने लाकडी फळीवर चार छोटे ग्लास आणून ठेवले. पहिले तीन मी सभ्य माणसासारखे प्यायलो, चवीचं मला काही कळलं नाही. चौथा तोंडाला लावला आणि खाली ठेवला. परत उचलला. मालिनेओ, तो आपल्या घरचा आंबटपणा होता. आधी जिभेच्या कडेला, मग मागे थोडा धुराचा वास, आणि गिळल्यावर ज्वारीची ती किंचित गोडी. बाकीचं सगळं तुमच्या स्टीलच्या टाक्यांचं होतं, पण खालचा तो सूर मात्सेलिसोचा होता. तिला पुरून दहा महिने झालेत आणि ती सीमेपलीकडे काचेच्या ग्लासात जिवंत बसलीय.

तू घर सोडलंस त्या पहाटे तिने जॅमच्या बाटलीत विरजण भरून तुझ्या पिशवीत ठेवलं होतं. तिला वाटलं मी झोपलोय. मी पडून ऐकत होतो. ती बाटलीशी बोलत होती, "जा बाई, हिच्यासोबत जा, इथे राहून तुझंही कोणी भलं करणार नाही." मी नंतर तिला कधी विचारलं नाही. मोठा फुल ग्लास मागवला आणि हे सगळं आठवत बसलो. तेवढ्यात आतून कोणीतरी हाक मारली, "मालिनेओ, दोन नंबरच्या टाकीचं बघ गं!" आणि काचेपलीकडे रबरी बूट घातलेली तू वळलीस.

ते नाव हिने तुला लग्नाच्या दिवशी दिलं होतं. लिनेओची आई, म्हणजे पुढे होणाऱ्या पोरीची. लिनेओ आली नाही. मग माझा पोरगा, त्सेलिसो, घर सोडून गेला, रुस्टेनबर्गला दुसरं घर मांडून बसला. मला वाटलं होतं, इथल्या बाकी सगळ्यासारखं तू ते नावही या घरात सोडून गेली असशील. त्या परक्या गावात, परक्या माणसांत, तू स्वतःहून तेच सांगितलंयस. म्हणून हे पत्र लिहायचं धाडस झालं.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी माझ्या कोटावरची हिच्या दुखवट्याची काळी फीत उतरवायची आहे. घरच्या बाईच्या हातची बिअर जमिनीवर ओतल्याशिवाय ती उतरत नाही, तुला माहीत आहे. त्सेलिसो फोनवर म्हणाला, "नताते, मी दुकानातून बिअरचा क्रेट घेऊन येतो, कोण बघतंय?" मी म्हटलं, जिच्यासाठी आहे ती बघतेय. पत्र लिहायला बसलो तेव्हा ठरवलं होतं की फक्त बाटलीभर विरजण मागायचं. माझा ड्रायव्हर सीमेवरून घेऊन येईल, मापालेसा लावून देईल. पण मला बाटली नको. तू ये. सून म्हणून ये असं म्हणायचा हक्क माझ्या मुलाने घालवला. हिने जिला हाताला धरून शिकवलं ती म्हणून ये. मंगळवारी आलीस तर शनिवारपर्यंत बिअर होते. तेवढे दिवस मी मापालेसाकडे झोपेन, घर सगळं तुझं. माझ्याशी बोलायचं नसेल तर मापालेसाला मध्ये बसवू, तिला तसलं काम आवडतं. आणि तुझ्याशिवाय का अडतंय, तेही सांगून टाकतो. मी लावलेल्या बिअरला फडकं बघून लोक आले होते. प्रत्येकाने एकेक घोट घेतला, "छान आहे, नताते" म्हटलं, आणि शेळ्या आत घ्यायच्या आहेत असं सांगून घरी गेले. पिंप डुकरांनी संपवलं.

तुझाच,
नताते